वाकलेल्या गजांची खिडकी

कुलूपकाकांकडे सात बंद घरांच्या किल्ल्या होत्या आणि स्वतः राहायला लाँड्रीच्या वरची एक भाड्याची खोली. "सात घरांचा कारभारी, आणि आंघोळीला रांगेत उभा," असं आमचा कॅमेरामन म्हणायचा. काका हसून सोडून द्यायचे. मीही हसायचे, त्याची आता लाज वाटते.

मी सिनेमांसाठी जागा शोधते. डायरेक्टर मंडळी खुर्चीत बसून सांगतात, "एक उदास घर हवं, बघितल्याबरोबर पोटात कालवलं पाहिजे." असं घर काही दुकानात मिळत नाही. मला ते कुलूपकाकांकडे मिळायचं. एकतीस वर्षं त्यांनी घरोघर जाऊन विजेच्या मीटरचे आकडे टिपले होते. कुठे पाहुणे उतरलेत, कुठे माणसं गावाला गेलीत, हे त्यांना आकड्यांवरून कळायचं. महिनोन् महिने आकडा जागचा हलला नाही, की समजायचं, इथलं माणूस गेलं. रिटायर झाल्यावर त्यांनी अशा घरांच्या मालकांचे पत्ते शोधून पत्रं लिहिली: घर नाहीतरी पडून आहे, शूटिंगला देऊ या, देखभाल मी करतो. सहा जणांनी किल्ल्या पाठवल्या. त्यातल्या एकाने तर दोन ओळीही लिहिल्या नाहीत, नुसती किल्ली पाकिटात घातली.

त्यांची देखभाल उलटीच होती. छप्पर गळू द्यायचं नाही, वाळवी लागू द्यायची नाही, पण धुळीला हात लावायचा नाही. "पुसलंत की घर गरीब दिसतं, ओसाड दिसत नाही," असं ते सांगायचे. पावलं उमटू नयेत म्हणून स्वतः भिंतीच्या कडेकडेने चालायचे. आमच्या आर्टवाल्यांनी बंदुकीसारख्या यंत्रातून खोटी कोळिष्टकं उडवायला घेतली, की यांचा पारा चढायचा. "अरे, खरे कोळी बसलेत ना वर! कशाला त्यांच्या पोटावर पाय देता?"

सातवं घर गल्लीच्या टोकाला होतं. चार खोल्यांचं, बैठं. मागे स्वयंपाकघर, आणि त्याच्या खिडकीचे मधले दोन लोखंडी गज दोन्हीकडे फाकलेले, एखादा बारीक माणूस अंग चोरून निघेल इतके. मालक कोण, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. काका म्हणाले, "कोणी नाही. घरातलं सगळं संपलं. मागे कोणी उरलं नाही." मी माझ्या यादीत तसंच लिहून घेतलं. डायरेक्टरांना असलं काही ऐकलं की भारी आवडतं.

या घरापुरती काकांची एक अट असायची. खिडकी फ्रेममध्ये आली पाहिजे. भाडं कमी द्या, उशिरा द्या, पण खिडकी दिसू द्या. मला वाटायचं, म्हातारपणाचा हट्ट असेल. खरी गोष्ट मला सहा वर्षांनी कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, माणसाला ताटकळत ठेवायची मला आवड नाही. ते घर त्यांचं स्वतःचं होतं. ती खिडकी पडद्यावर एका माणसाच्या नजरेस पडावी, एवढ्यासाठी त्यांचा सगळा खटाटोप चालला होता. तो माणूस म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ.

पहिल्या सिनेमात खिडकी कापली गेली. दुसऱ्यात डोळ्याची पापणी लवेपर्यंत दिसली. तिसरा भुताचा होता, त्यात अख्खा प्रसंगच त्या खिडकीपाशी घडला. तो सिनेमा टीव्हीवर लागला तेव्हा काकांनी लाँड्रीवाल्याच्या दुकानात उभं राहून बघितला, आणि दुसऱ्या दिवशी मला येऊन विचारलं, "ताई, तुमच्या ऑफिसात कोणाचा फोनबिन?" मी म्हटलं, "फोन तर दिवसभर येतात काका, कोणाचा हवाय?" ते "काही नाही" म्हणाले आणि गेले. पुढे महिनाभर ते हेच विचारत राहिले. मग थांबले.

त्यानंतर आठेक महिन्यांनी जाहिरातवाले आले. त्यांचा डायरेक्टर नवा होता, उतावळा. त्याला खिडकी आवडली, पण गज नकोत. "कापून टाका, सरळ बसवू," असं म्हणून त्याने वेल्डिंगवाल्याला हाक मारली. काका खिडकीला पाठ लावून उभे राहिले. "हात लावून बघा," एवढंच म्हणाले, पण असं म्हणाले की वेल्डिंगवाला आपण होऊन मागे सरकला. मी त्यांना मागच्या पायरीवर नेऊन बसवलं, हातात चहा दिला. त्या दिवशी ते बोलले.

"वडील कडक होते आमचे. सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्हाला आत कोंडायचे, बाहेरून कडी लावायचे आणि झोपायचे. धाकट्याला सिनेमाचं वेड. गॅरेजमधून त्याने जॅक उचलून आणला, गजांच्या मध्ये बसवला आणि फिरवत गेला. मी शेजारी उभा, घाबरून मुतायच्या बेतात!" काका हसले. "पैसे एका तिकिटाचे असायचे. मध्यंतरापर्यंत तो बघायचा, पुढे मी. येताना एकमेकांना अर्धा अर्धा सिनेमा सांगायचो. ताई, मला आजही एकाही सिनेमाची सुरुवात धड ठाऊक नाही."

"मग?"

"मग काय. मोठे झालो. आई अंथरुणाला खिळलेली आणि याने लागलेली नोकरी सोडली. जिभेला काही हाड असतं का? मी त्याच्या हातातून घराची किल्ली काढून घेतली आणि म्हणालो, या घरात तुझं कोणी नाही. गेला. दारातून गेला, हेच वाईट. खिडकीतून गेला की नेहमी परत यायचा."

सव्वीस वर्षं झाली होती. आई गेली तेव्हा कळवायला पत्ता नव्हता. काकांचं म्हणणं सरळ होतं: तो कुठेही असो, सिनेमा बघितल्याशिवाय राहणार नाही, आणि खिडकी दिसली की ओळखेल.

"पण तुम्ही स्वतः इथे का राहत नाही?" मी विचारलं.

"माणूस राहतं त्या घरात तुम्ही लोक कशाला याल? तुम्हाला ओसाड हवं. म्हणून मीच बाहेर पडलो, कुलूप लावलं. कोणी उरलं नाही, असं तुम्हाला सांगितलं."

 पण ते ज्याची वाट बघत होते तो फोन आला होता. तो मीच घेतला होता.

भुताचा सिनेमा टीव्हीवर येऊन आठवडा झाला असेल. सिनेमाच्या शेवटी आमच्या ऑफिसचं नाव येतं, त्यावरून लोक नंबर शोधून काढतात. ऑफिसातला जुना फोन, त्यावर समोरच्याचा नंबर दिसत नाही. माझ्या डोक्यावर तेव्हा सहा जण बसले होते. एका पुरुषाने विचारलं, "त्या सिनेमातली वाकलेल्या गजांची खिडकी खरी आहे, की तुम्ही बनवलीत?"

"खरी आहे."

"तिथे आता कोण असतं?"

"ओसाड घर आहे हो ते. त्या घरातलं कोणी उरलं नाही."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही. माझ्या यादीत तसं लिहिलंय."

 मग त्याने विचारलं, "केव्हा?"

"काय केव्हा?" मी खेकसलेच जरा.

"काही नाही. त्रास दिला," असं म्हणून त्याने फोन ठेवला. सिनेमाचा कोणीतरी वेडा, असं म्हणून मी विसरूनही गेले. काका विचारत राहिले, तरी त्यांना सांगायचं डोक्यातही आलं नाही.

मी पायरीवरून उठले आणि कामाचं निमित्त काढून आत गेले. दोन दिवस मी तोंड चुकवत फिरले. तिसऱ्या दिवशी दुपारी लाँड्रीच्या वर गेले. खाली इस्त्रीची वाफ, वर एक खाट, आणि भिंतीवर सात खिळ्यांना सात किल्ल्या. काका एका कुलपात तेल सोडत बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, तो "केव्हा" धरून.

त्यांनी कुलूप खाली ठेवलं, बोटं फडक्याला पुसली.

"आवाज कसा होता?"

"दमलेला. पण स्वच्छ होता."

"खोकत नव्हता?"

"नाही."

"म्हणजे विडी सुटली," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आणि आहे तो."

मी रडायला लागले. "काका, मी त्याला सांगितलं हो, तुम्ही नाही म्हणून."

"तुम्ही कुठे? मीच सांगितलं. एकदा तोंडावर आणि एकदा तुमच्या यादीतून." त्यांनी मला पाणी दिलं. मला त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात ते घरी राहायला गेले. सहा वर्षांची धूळ आम्ही दोघांनी मिळून पुसली, बादल्यांवर बादल्या ओतल्या. घर आता गरीब दिसतं, कुठलाही डायरेक्टर ढुंकून बघत नाही. वर्तमानपत्रात दिलं, ओळखीपाळखीत फोनवरून निरोप फिरवले. काही उपयोग झाला नाही. तो तरी आता कशाला शोधेल? त्याच्या लेखी इथलं सगळं संपलंय.

मी अधूनमधून जाते. दाराला कुलूप नसतं. काका आधी मला मीटरपाशी नेतात आणि आकडा दाखवतात, किती पुढे गेला ते. एकट्या माणसाचा आकडा असा कितीसा पुढे जाणार? तरी मी म्हणते, "वा, बराच गेला."

ऑफिसातला तो जुना फोन वाजला की हातातलं टाकून मीच धावते. बहुतेक वेळा जनरेटरवाला असतो, नाहीतर जेवण पाठवणारा. पण कोणी कुठल्याही घराचं विचारलं, की त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी सांगते, "आत माणूस राहतो. मोठा भाऊ आहे. फोन ठेवू नका."