सुटायची कडी

माझ्या काकांना सगळी गल्ली ‘खात्री’ म्हणते. ते पंक्चर काढतात. सायकलच्या ट्यूबपासून रबरी होड्यांपर्यंत ज्याच्यात म्हणून हवा भरता येते ते सगळं त्यांच्या दुकानात येतं, आणि गिऱ्हाइकाने काहीही सांगितलं तरी काकांचा प्रश्न ठरलेला, “खात्री काय?” खिळा लागला म्हणता, खात्री काय? सकाळपर्यंत हवा होती म्हणता, खात्री काय? एकदा एकजण वैतागून म्हणाला, “काका, निदान सायकल माझी आहे एवढं तरी माना.” काकांनी त्यालाही तेच विचारलं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. काकांचं तोंड दुधाने कधी पोळलंच नाही, कारण त्यांनी दूधही फुंकूनच प्यायलं. काकू म्हणते, “अजून पहिला घास वास घेऊन खातात. मारायचंच असतं तर इतकी वर्षं रांधत कशाला बसले असते?”

दोष धंद्याचा आहे. ट्यूब टणक दिसते, अंगठ्याने दाबली तर दाद देत नाही, आणि पाण्याच्या घमेल्यात बुडवली की टाचणीएवढ्या भोकातून बुडबुडे येतात. जन्मभर असे बुडबुडे बघितलेल्या माणसाने जगावर विश्वास ठेवायचा तरी कसा? हाताला मात्र त्यांच्या तोड नाही. त्यांनी कानशीने घासून, सोल्यूशन लावून बसवलेला पॅच नंतर शोधूनही सापडत नाही.

आमच्या घरावर या सगळ्याचा एक परिणाम झाला होता. काकांनी तपासलेली गोष्ट कोणी पुन्हा तपासत नसे. गॅस बंद आहे का, दाराला कुलूप लागलं का, बॅगेची चेन धरतेय का, “काकांनी बघितलंय” म्हटलं की विषय संपला. ती कोणी पुन्हा बघितली तर त्यांना तो अपमान वाटे. आणि खरं सांगायचं तर आम्हालाही ते सोयीचंच होतं.

अशा माणसाच्या पोटी ताई जन्माला आली. माझी ही चुलत बहीण एरवी बँकेच्या काउंटरवर बसते आणि सुट्टी मिळाली की समुद्रात बुडी मारून मासे मारते. पाठीवर टाकी नाही, तोंडात नळी नाही. छातीत एक श्वास भरायचा, खाली जायचं, भाल्याच्या बंदुकीने नेम धरायचा आणि श्वास संपायच्या आत वर यायचं. किनाऱ्याजवळच्या खडकांत ती बरीच वर्षं हे करत होती. आता तिला खोल पाण्यात जायचं होतं, जिथे खाली बघितलं तर तळ दिसत नाही, नुसता निळा रंग दिसतो, आणि मासे माणसापेक्षा जड असतात.

काकू दोन दिवस जेवली नाही. काका म्हणाले, “जाऊ दे तिला. पण सामान मी बघणार.”

खोल पाण्यातला मोठा मासा हाताने धरून ठेवता येत नाही. म्हणून भाल्याला लांब दोरी आणि दोरीच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा फ्लोट. मासा पळतो तो फ्लोटला ओढत पळतो आणि शेवटी दमतो. माणूस या सगळ्यापासून मोकळा राहायला हवा, नाहीतर माशाबरोबर तोही खाली जायचा. ताईचं बरंवाईट या सामानावर अवलंबून होतं, म्हणून काका ताईची बंदूक काखेत आणि मला बरोबर घेऊन समुद्राच्या सामानाच्या दुकानात गेले.

तिथल्या दुकानदाराला आम्ही गोडबोल्या म्हणतो. त्याने आधी हवेचा फ्लोट काढला. “घडी करून पिशवीत बसतो, काका.”

“घडी होते म्हणजे पाण्यातही घडी होणार.”

“हां, माशाने फार खोल नेला तर आकसतो थोडा. आकसला की वर ओढायची ताकद कमी होते.” गोडबोल्याने तो ठेवला आणि दुसरा काढला. “मग हा घ्या. जाड कापडाचा, ट्रकच्या टायरसारखी हवा घेतो. हा आकसत नाही. आमचा सगळ्यात चांगला माल.”

सगळ्यात चांगला म्हटल्याबरोबर काकांचे डोळे बारीक झाले. त्यांनी खिशातून साबणाच्या पाण्याची बाटली काढली. हो, ते ती घरून घेऊन आले होते. दोन थेंब व्हॉल्ववर टाकले, बोटाने पसरले आणि वाट बघत उभे राहिले. गोडबोल्या हसत होता. थोड्या वेळाने व्हॉल्वच्या कडेला एक बुडबुडा हळूहळू फुगला आणि गोडबोल्याचं हसू गेलं. “हा... हा वेगळा पीस दिसतोय,” तो म्हणाला. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू किल्ला सर केला.

मग आतून फोम भरलेला कडक फ्लोट आला. काकांनी तो दाबला, वाजवला, हुंगला, कानाशी धरून हलवला. कापून आतलं बघू का म्हणाले, तेव्हा गोडबोल्याने हात जोडले. शेवटी असे दोन कडक फ्लोट घ्यायचे ठरले, एकामागे एक बांधायचे, म्हणजे माशाने एक बुडवला तरी दुसरा वर. मध्ये ताणली जाणारी रबरी दोरी. तिच्यावर काका अडले. “ताणतं ते तुटतं.”

“न ताणणारं आधी तुटतं, काका. माशाचा पहिला हिसका ही खाऊन टाकते.”

हे काकांना ट्यूबच्या अनुभवावरून पटलं. इथवर त्यांचा संशय शहाणा होता हे मी मान्य करते. मी एकटी असते तर तो गळका फ्लोट घेऊन हसत घरी आले असते.

मग गोडबोल्याने ही सगळी दोरी ताईच्या बंदुकीला कशी जोडायची ते दाखवलं. भाल्याची दोरी आणि फ्लोटची दोरी जिथे भेटतात तिथे एक कडी असते. ती कडी बंदुकीच्या दांड्यावर एका बारीक रबराखाली नुसती खोचलेली. काकांनी तिला नख लावलं तर ती निघून हातात आली.

“हे काय?”

“ती सुटायलाच हवी, काका. मासा ओढतो तेव्हा कडी दोरीबरोबर निघून जाते आणि बंदूक आपल्या हातात राहते. तिला हात लावू नका.”

काकांनी सामान बांधून घेतलं. रस्त्याला लागल्यावर म्हणाले, “पाणी कुठे मुरतंय ते कळतं मला. व्हॉल्व गळला तेव्हा म्हणाला, वेगळा पीस. आता कडी निघून येते तर म्हणे सुटायलाच हवी. माल कच्चा निघाला की हे लोक म्हणतात तो तसाच असतो.”

संध्याकाळी ताई घरी आल्यावर मी विषय काढला. ताई म्हणाली, “अहो बाबा, सुटायचीच असते ती. सगळे तसंच वापरतात.”

“तुला कोणी सांगितलं?”

“गोडबोल्यानेच शिकवलं.”

“हां,” काका म्हणाले. त्यांचं समाधान झालं होतं. त्यांच्या मते लबाडीचा धागा सापडला होता.

मग त्यांनी मोर्चा वळवला ताईच्या जोडीदाराकडे. बुडी मारणारे दोघे असतात. एक खाली गेला की दुसऱ्याने वर राहून डोळ्यात तेल घालून बघायचं. ताईचा जोडीदार चष्म्याच्या दुकानात कामाला होता, म्हणून आमच्या घरात तो चष्मेवाला. अतिशय कमी बोलायचा. “बोलत नाही म्हणजे काहीतरी दडवतोय,” हे काकांचं मत. त्याचा हात थरथरतो का ते बघायला काका डोळे तपासायच्या मिषाने त्याच्या दुकानात गेले आणि मलाही नेलं. खुर्चीत बसून अक्षरं वाचली. लांबची धडाधड वाचली. जवळचा कागद समोर धरला तेव्हा अडखळले.

“काका, तुम्हाला जवळचं दिसत नाही,” चष्मेवाला म्हणाला. “नंबर आहे.”

“त्याचा धंदाच आहे तो,” काका बाहेर येऊन म्हणाले. “उद्या म्हणेल पायाला पण चष्मा लावा.” आणि तिथून पुढे माझ्यामागे लागले, की हा मुलगा वरून ताईकडे बघेल की मासे मोजत बसेल. मी म्हटलं, “साप साप म्हणून किती भुई धोपटणार?” तर माझ्याशी बोलेनात.

ताई जायच्या आदल्या दिवशी काका सगळं सामान दुकानात घेऊन बसले. आमचं घर दुकानाच्या वर आहे. खालून सोल्यूशनचा वास येत होता, पण तो रोजच येतो. जेवायच्या वेळेला ते सामान वर घेऊन आले आणि म्हणाले, “आता काही सुटणार नाही.” ताईने ते पिशवीत भरलं. तिने एकही जोड ओढून बघितला नाही. काकांनी तपासलं होतं ना.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही धक्क्यावर बोटीची वाट बघत होतो. काका बोटीचा रंग बघून म्हणाले, आत्ताच दिलाय, काहीतरी झाकलंय. मग बोट जवळ आली आणि ताई दिसली. ती खाली बसली होती, अंगावर टॉवेल, एका कानात कापूस आणि कापसावर रक्त.

काका उडी मारून बोटीत गेले आणि थेट चष्मेवाल्याची कॉलर धरली. “कुठे होतास? तुझे डोळे कुठे होते?”

“सोडा त्याला,” बोटवाला ओरडला. “त्यानेच वर आणलीय तिला.”

झालं होतं ते असं. ताईने मोठ्या माशाला भाला मारला. मासा सरळ खाली पळाला आणि बंदुकीसकट तिला घेऊन गेला. कडी सुटलीच नाही. पाण्याच्या दाबाने कानाचा पडदा फाटला, पाणी आत घुसलं, वरखाली कळेना. तिने बंदूक सोडली तेव्हा ती इतकी खोल गेली होती की एकटीने वर येणं तिला जमलं नसतं. चष्मेवाल्याने वरून बघितलं, बुडी मारली आणि तिच्या दंडाला धरून तिला वर काढलं. फ्लोट दोन्ही पाण्याखाली गेले आणि बऱ्याच लांब वर आले.

“बंदूक का सोडली नाहीस लगेच?” काका म्हणाले.

“वाटलं, आता सुटेल,” ताई म्हणाली. एका कानाने ऐकू येत नसल्याने ती जरा मोठ्याने बोलत होती. “सरावात दर वेळी सुटली होती. मी वाट बघत राहिले.”

“त्या गोडबोल्याला मी सोडणार नाही. मी म्हणालो होतो, कच्चा माल आहे. बघितलं नाहीस का रे तू, जोडीदार ना तू? एकदा ओढून बघायला काय झालं होतं?”

“विचारलं होतं मी तिला,” चष्मेवाला म्हणाला. “ती म्हणाली, बाबांनी तपासलंय. मी ऐकायला नको होतं.”

मग तो बोटीच्या मागच्या बाजूला गेला आणि बंदूक घेऊन आला. फ्लोटबरोबर तीही सापडली होती, दोरीला अजून लटकलेली. त्याने ती काकांच्या हातात दिली.

काकांनी ती डोळ्यांपासून लांब धरली, कारण जवळचं दिसत नव्हतं. त्या बारीक काळ्या रबराखाली काळा दोरा होता. दोन फेरे, वर गाठ, गाठीवर सोल्यूशन. काम इतकं सफाईचं होतं की शोधल्याशिवाय दिसू नये. दांड्याचं लाकूड ओरखडलं होतं, दोरी उसवली होती, पण गाठ जागची हलली नव्हती. काकांनी ती नाकाशी नेली, हुंगली आणि बोटीच्या कडेवर बसले. मला त्यांचा राग आला आणि त्यांच्याकडे बघवेना, दोन्ही एकदमच.

घरी आल्यावर काकू म्हणाली, “काखेत कळसा आणि...” आणि काकांचं तोंड बघून तिथेच थांबली. ताईही बापाला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

त्यानंतर दुकानातून “खात्री काय?” ऐकू येईना. गल्लीला चुकल्यासारखं झालं. एखादं गिऱ्हाईक म्हणायचं, काका, विचारलं नाही आज? काका ट्यूब घमेल्यात बुडवायचे, एकदा, दोनदा, आणि मग तीच ट्यूब गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. “तुम्ही बुडवून बघा. माझं चुकलं असेल.” लोकांना वाटायचं म्हातारा थकला. मी वरून हे ऐकत असे आणि मला तो जुना संशयी माणूस परत हवासा वाटे. हवी तेवढी कटकट करू दे त्याला, असं वाटे.

कान बरा झाला. डॉक्टरांनी परवानगी दिली आणि ताई म्हणाली, मी पुन्हा जाणार. काकू परत जेवली नाही. काकांनी मला चष्म्याच्या दुकानात पाठवलं. “त्याला सांग, सामान बघायला ये.”

तो आला तेव्हा काकांनी सगळं दुकानाच्या फरशीवर मांडलं होतं. दोन फ्लोट, रबरी दोरी, लांब दोरी, बंदूक. दोरा कापून काढलेला, दांडा घासून साफ केलेला, रबर नवं. काकांच्या नाकावर चष्मा होता. कधी करून आणला देव जाणे, पण त्याच्याच दुकानातला होता.

“हे सगळं मी बघितलंय,” काका म्हणाले. “म्हणून तू प्रत्येक जोड ओढून बघ. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.”

चष्मेवाल्याने फ्लोटच्या टोकापासून सुरुवात केली आणि एकेक गाठ, एकेक क्लिप जोर लावून ओढली. हे जोड धरून राहायला हवे होते, राहिले. मग तो बंदुकीपाशी आला. त्याने दांडा एका हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने दोरीला हिसका दिला. कडी टक् करून निघाली आणि फरशीवर पडली.

काका दचकले. त्यांचा हात सवयीने ती उचलून घट्ट बसवायला पुढे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

“सुटली,” ताई म्हणाली.

काकांनी कडी उचलली आणि चष्मेवाल्याच्या हातात दिली. तो ती रबराखाली खोचू लागला तसे ते खाली वाकून, चष्म्यातून, अगदी जवळून बघत राहिले.

“पुन्हा एकदा सोडून दाखव,” ते म्हणाले.