पाटावरची हार्ड डिस्क

कॉम्प्युटरच्या डब्यात धूळ नेमकी कधी जमते, हे आजवर कुणी पाहिलेलं नाही. उघडावा तेव्हा ती असतेच. किश्शांचंही तसंच आहे. मी काही ते गोळा करायला जात नाही. मी आपली जाते कॉम्प्युटर दुरुस्त करायला, आणि घरी येते ती बॅगेत स्क्रू-ड्रायव्हर आणि डोक्यात एक किस्सा घेऊन.

पिंपळे गुरवहून सकाळी स्कूटर काढायची आणि भोसरीच्या एमआयडीसीत वर्कशॉपं पालथी घालायची, हा माझा धंदा. गिऱ्हाइकं बरीच आहेत, पण किस्से सांगायचे तर अण्णांच्याच वर्कशॉपचे! बाकीच्यांकडे कॉम्प्युटर बिघडतो. अण्णांकडे तो बिघडवला जातो, तेही फार प्रेमानं.

अण्णा मूळचे चाकणजवळच्या गावातले शेतकरी. जमीन रस्त्यात गेली, तेव्हा त्यांनी भोसरीत शेड घेऊन सीएनसी मशीनं टाकली. लोखंडाचे सुटे भाग कातायचे आणि चाकणच्या कंपन्यांना द्यायचे. कुठला भाग कसा कातायचा याचे प्रोग्रॅम आणि ड्रॉइंग, आजवरची सगळी कमाई, केबिनमधल्या एकाच कॉम्प्युटरात. ती गेली तर मशीनं नुसती उभी राहणार.

"मॅडम, माझी शेती हाय ती," अण्णा म्हणायचे. "आता पिकतंय ते ह्याच डब्यात."

म्हणून मी त्यांना बॅकअपसाठी एक काळी हार्ड डिस्क आणून दिली. नियम एकच. बॅकअप झाला की वायर काढायची आणि डिस्क कपाटात ठेवायची. कारण व्हायरस आला तर कॉम्प्युटरला जे जे जोडलेलं असेल, ते सगळं तो खातो.

"अवो मॅडम, बैल दावणीला बांधलेला असला की माणूस निर्धास्त झोपतो," अण्णा म्हणाले. "सोडला की गेला!"

मी दर भेटीला ओरडायची. डिस्क दर भेटीला जोडलेलीच असायची. माझा घसा बसला, अण्णांचा बैल काही सुटला नाही.

*

एकदा कॉम्प्युटर फार तापतो म्हणून तक्रार आली. मी म्हटलं, आत धूळ आहे, अधूनमधून साफ करत जा. आता साफ करायचा म्हणजे बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रशनं, हे मला वाटलं कळेलच. पण वर्कशॉपमध्ये 'साफ कर' याचा एकच अर्थ असतो, कॉम्प्रेसरची हवा! कातलेला जॉब असो, मशीन असो, नाहीतर शिफ्ट सुटल्यावर स्वतःची पॅन्ट असो.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. मी गेले तर डब्यातल्या पंख्याचं पातं मोडलेलं आणि कीबोर्ड पार बोडका. दत्ता, म्हणजे त्यांचा लातूरकडचा ऑपरेटर, मशीनखाली टॉर्च घेऊन पालथा पडला होता.

"काय केलंस रे?"

"साफ करायलो होतो मॅडम. लई घाण होती बगा, समदी गेली!"

अण्णा शेजारीच लोखंडी किसाच्या ढिगाऱ्यात लोहचुंबक फिरवत होते.

"अण्णा, बटणं प्लास्टिकची आहेत. चिकटणार नाहीत ती!"

"ते बी खरंच की," म्हणून त्यांनी हातानं ढिगारा उपसला आणि एक बटण विजयानं वर धरलं. "एंटर घावलं! तेवढ्यावर चालतंय का बघा."

बोर्ड वाचला होता, हे नशीब. त्या दिवशी मी घरी जाताना देवाचे आभार मानले, आणि कॉम्प्रेसर बनवणाऱ्याला शिव्या दिल्या.

*

यूपीएसचा किस्सा छोटा आहे. बॅटरी मरायला आली की तो टी-टी ओरडतो. ओरडतो म्हणजे सांगत असतो की बाबांनो, मला बदला. अण्णांनी मला फोन केला, मी म्हटलं उद्या येते. उद्या गेले तर यूपीएस गप्प.

"दुरुस्त झाला?"

"व्हय की!" दत्ता म्हणाला. "आत एक भोंगा होता बारका. त्यात एम-सील भरलो."

*

पासवर्ड कागदावर लिहून चिकटवू नका, हे मी अण्णांना बजावून सांगितलं होतं. एक गोष्ट मान्य करायला हवी, त्यांनी ऐकलं. कागदावर नाही लिहिला. स्टीलच्या पट्टीवर कोरला!

कडा घासलेल्या, चारी कोपऱ्यांना भोकं, पॉलिश असं की तोंड दिसावं, आणि मॉनिटरच्या डोक्यावर रिव्हेट मारून बसवलेली. ऑफिसात येणारा प्रत्येक ड्रायव्हर, सेल्समन आणि चहावाला तो वाचून जात होता.

"कागदाला तेलाचे हात लागत्यात," अण्णा म्हणाले. "हे पुसायचं न्हाई कदी."

"ते पुसलं जात नाही, हीच तर अडचण आहे ना अण्णा!"

मी पासवर्ड बदलला. पुढच्या भेटीला पाहते तो नवी पट्टी, तेवढीच देखणी. यावेळी तिच्यावर कोरलं होतं, 'पासवर्ड काकींना विचारणे'.

काकी म्हणजे अण्णांच्या बायको, सुमनकाकी. हजेरी, चहा आणि अण्णा, हे तीन विभाग त्या सांभाळतात. त्यांना पासवर्ड विचारला की त्या आधी विचारतात, "कशापायी?" मग विचारतात, "कुणी सांगितलं?" आणि मग स्वतः उठून, समोरच्याला तोंड फिरवायला लावून टाइप करतात. मोठ्या कंपन्या याच कामासाठी महागडं सॉफ्टवेअर घेतात, आणि ते इतकं संशयी नसतं.

*

एका बुधवारी मी केबिनमध्ये बसले असताना अण्णांना फोन आला. वीज कंपनीतून बोलतोय, तुमचं बिल अपडेट नाही, उद्या सकाळी लाइट कापणार, लिंक पाठवतो, ताबडतोब माहिती भरा. मी हातानं खूण केली, ठेवा फोन! पण अण्णांना बोलायची हौस.

"उद्या? अवो साहेब, उद्या गुरुवार हाय. आमची सुट्टी. लाइट तशीबी नसती. काय कापताय?"

तो म्हणाला, ठीक आहे, शुक्रवारी कापू.

"शुक्रवारी नगं, माल जायचाय. सोमवारचं बघा की."

सोमवारी कापू, तो म्हणाला. अण्णा म्हणाले, सोमवारी मेव्हणे यायचेत. शेवटी त्यानंच फोन ठेवला!

"तुम्हाला कळलं कसं, तो चोर आहे ते?" मी विचारलं.

"सरकारी माणूस असा तारखेला कबूल व्हतोय व्हय, मॅडम?"

मी हसले खरी, पण लगेच त्यांचा मोबाइल मागून घेतला आणि तो नंबर ब्लॉक केला. असल्या फोनवर गप्पा मारायच्या नसतात. बोलता बोलता बोट लिंकवर पडलं की संपलं.

*

लग्नसराईत अण्णांच्या भावकीतल्या कुणाच्या तरी नंबरवरून सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पत्रिका आली. पत्रिका कसली, ॲप होतं ते! दाबलं की फोन म्हणणार, इन्स्टॉल करू का? अहो, लग्नपत्रिकेला कधी इन्स्टॉल करायला लागतं का? पण लोकांनी केलं. ज्यानं ज्यानं उघडली त्याचा फोन परक्याच्या ताब्यात, आणि त्याच्या नंबरवरून पत्रिका पुढच्या शंभरांना!

मला कळलं तशी मी धावतच अण्णांकडे गेले. सगळी कोटेशनं, बँकेचे मेसेज, सगळं त्यांच्या फोनवर.

"अण्णा, ती पत्रिका उघडलीत का?"

अण्णा एकदम घुश्शात. "मी का उघडू? सख्खी भावकी असून फोनवर बोलावणं? घरला येऊन, अक्षता देऊन सांगावं, मग बघू! न्हाईतर मी लग्नालाबी जायचो न्हाई आन् पत्रिकाबी उघडायचो न्हाई."

मी खुर्चीत बसले आणि काकींना म्हटलं, चहा द्या, साखर जास्त. भावकीतले निम्मे लोक त्या आठवड्यात माझ्याकडे फोन साफ करून घ्यायला आले. हा एकटा माणूस रुसल्यामुळे वाचला.

*

आणि आता खंडेनवमीचा.

त्या दिवशी भोसरीतलं वर्कशॉप पाहावं! मशीनं धुऊन-पुसून लख्ख, झेंडूच्या माळा, खालच्या पाटावर लाल फडकं, त्यावर व्हर्नियर, मायक्रोमीटर, पाने, सगळी हत्यारं हळद-कुंकू लावून मांडलेली. एकदा पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला कुणी हात लावायचा नाही. दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत मशीनं झोपलेली.

दसऱ्याच्या सकाळी मी श्रीखंडाची तयारी करत होते, तेव्हा दत्ताचा फोन आला. "मॅडम, लवकर या. अण्णा कुणाशीच बोलंनात."

मी गेले. अण्णा केबिनच्या पायरीवर बसले होते. आत कॉम्प्युटरवर लाल स्क्रीन. तुमच्या सगळ्या फाइल आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, परत हव्या असतील तर पैसे पाठवा. मी आधी नेटची वायर उपटली. मग एक फोल्डर उघडलं, दुसरं उघडलं. प्रत्येक प्रोग्रॅम, प्रत्येक ड्रॉइंग, सगळ्यांच्या नावापुढे विचित्र अक्षरं, आणि एकही उघडेना.

"काल पूजा झाल्यावर एक मेल आला," अण्णा खाली बघत म्हणाले. "चाकणच्या नव्या कंपनीची ऑर्डर म्हणून. मी म्हणलं, मशीनला थोडीच हात लावतोय, नुसती फाइल तर उघडायचीय. देवीनं बघितलं, मॅडम."

"देवीनं नाही, चोरानं बघितलं," मी म्हणाले. मशीनं उभी राहणार, दिलेल्या तारखा चुकणार, चाकणची कामं दुसऱ्याकडे जाणार. दत्ताचं बिऱ्हाड दिघीत भाड्याच्या खोलीत, तो दाराशी उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता. आणि ती काळी डिस्क तर कायम जोडलेली! म्हणजे तीही गेली. मला रडू येईल असं वाटलं. इतक्या वेळा ओरडले, कुणी ऐकलं नाही.

मी वाकून डब्याच्या मागे हात घातला. वायर होती. वायरीच्या टोकाला काही नव्हतं.

"डिस्क कुठाय?"

अण्णांनी पाटाकडे बोट केलं. व्हर्नियर आणि मायक्रोमीटरच्या मधोमध, झेंडूच्या फुलांखाली, हळदीकुंकवाची बोटं उठलेली, माझी काळी हार्ड डिस्क बसली होती.

"मीच काढली काल सकाळी," काकी म्हणाल्या. "पोरी, तू दर बारीला वरडतीस, ह्यात समदं हाय, ह्यात समदं हाय. म्हणलं मग पाना पुजायचा आन् हिला का न्हाई?"

"आन् म्याच काल रातच्याला ती जोडाय निघालो व्हतो," अण्णा म्हणाले. "लाल पाटी दिसल्याबरूबर. म्हणलं, बघू तरी त्यातलं हाय का शिल्लक. तर ही आडवी आली!"

"येनारच! पूजलेलं हत्यार उत्तरपूजेआधी उचलत्यात व्हय?" काकी म्हणाल्या. "म्हणलं, हात लावून तर बघा!"

जोडली असती तर त्याच क्षणी तीही गेली असती. मी तिथंच स्टुलावर बसले. जिवात जीव आला, असं आपण नुसतं म्हणतो. त्या दिवशी तो आत येताना मला कळला.

उत्तरपूजा झाली. मी कॉम्प्युटर पुसून कोरा केला, नव्यानं उभा केला, आणि मगच काकींच्या हातून डिस्क घेऊन जोडली. खंडेनवमीच्या सकाळपर्यंतचं सगळं जसंच्या तसं होतं. पहिलं ड्रॉइंग स्क्रीनवर उघडलं तेव्हा अण्णांनी टोपी काढून डोळे पुसले, आणि दत्तानं मला इतकं सोनं दिलं की पर्समध्ये नुसती आपट्याची पानं. त्या दिवशी श्रीखंड संध्याकाळी खाल्लं, पण असं गोड कधी लागलं नव्हतं.

परवा अण्णांकडे गेले होते. बॅकअप घ्यायचा म्हणून डब्यामागे पाहिलं, तर वायर मोकळी. कपाटात पाहिलं, तिथंही नाही. डिस्क वर्कशॉपच्या कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यात होती, गणपतीच्या उजव्या हाताला, पुढे ताजं फूल. खाली अण्णा अनवाणी उभे होते, ओले हात शर्टाला पुसत.

"काय झालं?" मी विचारलं.

"बॅकअप घ्यायचाय," ते हळूच म्हणाले. "ही म्हणती, अजून तेलाचा वास येतोय, परत धुऊन या."

काकींनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पायांकडे पाहिलं.

मी गुपचूप चप्पल काढली.