लुसेंगाच्या गोलकाकू

गोलकाकू अंगाने काडीसारख्या होत्या. त्यामुळे मस्कतमधल्या अल् खुवैरच्या आमच्या इमारतीत नवीन राहायला आलेले कुणी हे नाव ऐकून त्यांना भेटायला गेले, की दारातच गोंधळायचे. नाव अंगावरून नव्हे, घशावरून पडले होते. मध्य आफ्रिकेतल्या एका फुटबॉल क्लबने गोल केला की काकू तिसऱ्या मजल्यावरून ‘गोऽऽल’ अशी आरोळी ठोकत आणि खालचा मलबारी दुकानदार वजनकाटा सोडून वर बघे. गोल फार क्वचित होत, म्हणून कुणी तक्रार केली नाही.

काका बोटींची इंजिने दुरुस्त करत. मस्कतला येण्याआधी दोघे अकरा वर्षे काँगो नदीकाठच्या लुसेंगा नावाच्या बंदरगावात होते. पहिले वर्षभर काकूंना तिथे बोलायला कुणी नव्हते. मग एकदा सामन्याच्या सकाळीच गावातल्या क्लबचा झेंडा फाटला, शिंपी लग्नाला गेलेला, आणि ओडेट नावाची एक धिप्पाड बाई तो झेंडा घेऊन काकूंच्या शिलाई मशीनचा पत्ता विचारत दारात आली. काकूंनी झेंडा शिवला आणि त्याच्यामागोमाग सामन्यालाही गेल्या. पुढे घरच्या मैदानावरचा एकही सामना त्यांनी चुकवला नाही. ओडेट आणि तिच्या मैत्रिणी एकाच छापाचे कापड घेऊन लुंगीसारखे नेसायच्या. काकूंनी त्याचा पंजाबी ड्रेस शिवला. हिरव्या कापडावर पिवळ्या होड्या. सामना असेल त्या दिवशी त्या तोच ड्रेस घालून मस्कतच्या मॉलमध्येही भाजी घ्यायला जात.

क्लबचा इतिहास त्या माहेरचा असल्यासारखा सांगत. बेल्जियन साहेबांच्या मैदानावर गोदीतल्या हमालांना मज्जाव होता. नदीचे पाणी ओसरले की मधोमध वाळूचे बेट वर यायचे, त्यावर हे हमाल खेळायचे. नदी चढली की हंगाम संपला, सामना अर्धा राहिलेला असला तरी. “एकदा तर गोलकीपर पोहत परत आला, पण चेंडू नाही सोडला,” हे काकू स्वतः पाहिल्यासारखे सांगत. अजूनही हंगामाच्या सुरुवातीला सगळा संघ नदीवर जातो, आणि क्लबचा सर्वांत म्हातारा पाठीराखा चेंडू नदीत धुऊन कॅप्टनच्या हातात देतो. तो ओलाच घ्यायचा असतो. पुसला तर म्हातारा रागावतो.

दर शुक्रवारी सकाळी काकू इमारतीतल्या नऊ मुलांना मराठी शिकवत. मुले आपापसात इंग्रजीच बोलायची. आमच्या ईराची धाव ‘बाबा, मी हंग्री आहे’ एवढीच होती. पुस्तकात भातलावणीचा धडा होता, आणि मस्कतमध्ये जन्मलेल्या या मुलांनी धड चिखलही पाहिलेला नव्हता. एका शुक्रवारी काकूंनी कंटाळून पुस्तक मिटले आणि लुसेंगाची गोष्ट सुरू केली. अट एकच, प्रश्न मराठीत विचारायचे. त्यानंतर ते पुस्तक उघडले गेले नाही.

ईरा पुण्यातल्या आजोबांना फोनवर ऑफसाइड समजावू लागली, तेव्हा आम्हा पालकांत कुजबुज सुरू झाली. मुलांना श्लोक नकोत का, सणवार नकोत का, शिवाजी महाराज नकोत का? हे काकूंना सांगायला मला पाठवण्यात आले, कारण मी समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचो. काकूंनी सगळे ऐकून घेतले आणि माझ्या हातात सोलकढीचा पेला दिला.

“ईराचे बाबा, महाराजांच्या धड्यावर मुलं माझ्याशी वाद घालतील?” त्यांनी विचारले.

मी म्हटले, नाही घालणार.

“घालूही नये. पण रेफरीवरून घालतात. आणि वाद घातल्याशिवाय भाषा तोंडात बसत नाही.”

मी सोलकढी संपवून परत आलो आणि पालकांना सांगितले, की काकू विचार करणार आहेत.

त्या हंगामातला शेवटचा सामना क्लब हरला, तर खालच्या गटात जाणार होता. बरोबरी झाली तरी वाचणार होता. सामना कुठल्याच टीव्हीवर नव्हता. म्हणून ठरले असे, की ओडेट मैदानातून फोन करील आणि काकू ऐकून मुलांना मराठीत सांगतील. आमच्याकडे संध्याकाळ होती आणि दुसऱ्या दिवशी शाळा. तरी नऊच्या नऊ मुले हजर होती. ईराला घरी न्यायचे निमित्त करून मीही तासभर आधीच जाऊन बसलो. होड्यांचा ड्रेस घातलेल्या काकू कानाला फोन लावून सांगत होत्या, डावीकडून निघाला, एकाला चकवलं, पडला, उठला. एक-एक बरोबरी झाली. शेवटची दहा मिनिटे उरली आणि फोन तुटला.

काकूंनी तीनदा लावून पाहिला, लागेना. मग त्यांनी फोन मांडीवर ठेवला.

ईरा उभी राहिली. “चेंडू आपल्याकडे आहे,” ती म्हणाली.

तिच्या शेजारचा मुलगा म्हणाला, चेंडू त्यांच्याकडे आहे.

“तुला काय माहीत? तू होतास का तिथे?”

हे ती मराठीत म्हणाली होती. पुढची दहा मिनिटे त्या नऊ जणांनी तो सामना एकमेकांशी भांडत पुरा केला. चेंडूची ‘ती’ झाली, गोलकीपरने ‘उडी मारला’, पण एकही जण इंग्रजीत गेला नाही. काकूंनी कुणाची एकही चूक सुधारली नाही.

मग फोन वाजला. काकूंनी स्पीकर चालू केला, तर पलीकडे ढोलांच्या तालावर सगळे मैदान गात होते. मुले उड्या मारू लागली. काकू क्षणभर ओडेटचे ऐकत राहिल्या.

“बसा रे,” त्या म्हणाल्या. “हरलो आपण.”

मग गातात कशाला, असे ईराने विचारले.

“ही हरल्यावरची गाणी. जिंकल्यावरच्या गाण्यांपेक्षा चांगली आहेत. सराव जास्त आहे ना.” आणि ओढणीच्या होड्यांनी त्यांनी डोळे पुसले.

पुढच्या उन्हाळ्यात काकांचे कंत्राट संपले. नोकरी गेली की इथला मुक्कामही संपतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असते. समोरच्या दारात खोकी रचलेली दिसू लागली. काका एवढेच म्हणाले, “खलास.” दोघे गुहागर तालुक्यातल्या आपल्या घरी परत गेले. विमानतळावर काकूंनी रडारड होऊ दिली नाही. शुक्रवारी फोन करा म्हणाल्या, पण मराठीत केलात तरच उचलीन.

आता वर्ग पुण्याहून आलेल्या एक बाई घेतात. शिस्तीच्या आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येक मुलाला नाव आणि मूळ गाव विचारून वहीत लिहायला घेतले. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. तुमची ईरा आणि आणखी पाच मुले आपले गाव लुसेंगा आहे म्हणतात. काही केल्या ऐकत नाहीत, उलट माझ्याशीच वाद घालतात. काय करू?

मी म्हटले, लिहून घ्या.

वहीचे पान उलटल्याचा आवाज आला.

“बरं,” त्या म्हणाल्या. “तालुका?”

“गुहागर,” मी सांगितले.