स्टूल धरायला माणूस लागतो

एकोणीस नंबरच्या खोलीतून पंखा बिघडल्याची आठवडाभरातली चौथी तक्रार आली, तेव्हा वसतिगृहाच्या वायरमनकाकांचा जीव तुटला. पोरासाठी नव्हे, पंख्यासाठी.

त्यांनी पंखा उतरवला, पुसला, पुन्हा चढवला. पंखा ठणठणीत होता.

"होतंय काय याला?"

"आवाज करतो."

"कसला?"

पहिल्या वर्षाच्या त्या पोराने तोंडाने 'खर्र खट, खर्र खट' करून दाखवलं. मग म्हणाला, "बसा ना काका, चहा करतो." खोलीत चहा नव्हता, साखर नव्हती, भांडंही नव्हतं. काका तरीही बसले. पोरगा पाऊण तास बोलला, पंख्याबद्दल अवाक्षर नाही. शेवटी म्हणाला, "शनिवारपासून कुणाशी बोललोच नव्हतो." त्या दिवशी मंगळवार होता.

काकांनी घरी बायकोला सांगितलं, "पोरगं पार एकटं पडलंय गं."

"मग तुम्ही काय करणार? वायरी जोडणार?"

काका विचारात पडले. दुसरं काही येतच नव्हतं त्यांना.

पाचव्या तक्रारीला ते भलंमोठं स्टूल घेऊन आले. "नवा नियम! धरायला दोन माणसं पाहिजेत." असं म्हणून त्यांनी शेजारच्या वीस नंबरच्या पोराला अर्ध्या दाढीतच ओढून आणलं. दोघे दोन बाजूंनी स्टूल धरून मुक्याने उभे. काका वर वीस मिनिटं एकच स्क्रू पिळत राहिले. मान अवघडली.

"अरे, बोला की काहीतरी! गप्प माणसांनी धरलं की स्टूल हलतं!"

"कुठल्या वर्गात आहेस?" एकोणीसने घाबरत विचारलं.

"तुझ्याच. चार महिने तुझ्या मागेच बसतोय."

पुढे काकांनी ही युक्ती मजलाभर चालवली. रेक्टर भडकले, "एका बल्बला चार पोरं?"

"बल्ब जड आहे, साहेब."

तरी एकोणीसला झोप येईना, जेवण जाईना. काका त्याला म्हणाले, "हे माझ्या हातचं काम नाही. चल, समुपदेशक बाईंकडे जाऊ." तो बाईंच्या दारातच अडला. म्हणून काका आधी आत शिरले आणि 'कसं बोलायचं' ते दाखवायला खुर्चीत बसले. मान, रेक्टर, मेव्हणा अशी आपलीच गाऱ्हाणी सांगत अर्धा तास झाला. बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि हात धरून बाहेर काढलं. हसू आवरत पोरगा आत गेला.

आता तो दर गुरुवारी आपणहून जातो. झोप हळूहळू येऊ लागली आहे. वीस नंबरवाला सोबत येतो आणि बाहेरच्या बाकावर खुशाल घोरतो.