जरीशचा थाळ

पाहुण्याला जेवू कसं घालावं हे आख्ख्या भिवंडीत आपल्या एकट्यालाच कळतं, असं आमच्या शेजारच्या काकांचं ठाम मत आहे. उमेदीची वर्षं त्यांनी सौदीतल्या एका खेड्यात, शेतमालकाचा ट्रक चालवण्यात घालवली. बाकीचे येताना सोनं आणतात. काकांनी चोचवाली पितळेची किटली आणि दोघांनी उचलावा लागेल एवढा थाळ आणला. त्या किटलीतली कॉफी मी पहिल्यांदा प्यायले तेव्हा कप रिकामा झाला की ते भरत, आणि नको म्हणायला लाजून मी पीत राहिले. शेवटी काकीच आतून ओरडल्या, "अवो, पोरीला मारता काय! कप हलव गो, हलवला का थांबतील ते."

घरातल्या प्रत्येक कार्याला त्या थाळात जरीश असतो. भरडलेला गहू, ताक आणि मटण एकत्र आटवायचं, वर तळलेला कांदा. धामणकर नाक्यावरचा गिरणीवाला गहू भरडताना दर वेळी विचारतो, "मुर्गी को डालना है क्या?" नातेवाईक त्याला मटणाची लापशी म्हणतात. काकांना त्याचं काही वाटत नाही. त्यांची अट एकच: सगळ्यांनी थाळाभोवती मांडी घालून बसायचं. यजमान उभा राहून वाढणार आणि शेवटी जेवणार. "हाताला हात लागला पायजे, मंग ते जेवान," ते सांगतात. लोक हसतात आणि कागदी प्लेटमध्ये थोडंसं घेऊन खुर्च्यांकडे जातात. थाळाशी एकट्या काकी बसायच्या. ताकातलं मटण त्यांना मुळीच आवडत नसे. हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं.

काकी गेल्यानंतरचं पहिलं कार्य म्हणजे त्यांच्या मुलीची हळद. काकांनी सकाळभर जरीश घोटला, थाळ मांडला आणि बाजूला उभे राहिले. लोक आले, प्लेटा भरून गेले. काका कोणाला बसा म्हणाले नाहीत. काकींच्या जागेकडे मात्र पाहत होते.

मी चारचौघांत धड जेवत नाही, आणि घरी चमच्याने जेवते. बराच वेळ प्लेट धरून उभी राहिले. मग ती ठेवून दिली आणि त्या जागी जाऊन बसले.

काकांनी वाकून मटण हाडापासून सोडवलं आणि माझ्यापुढे सरकवलं. त्यांचा हात माझ्या हाताला लागला.

"तुम्ही पण बसा ना, काका."

"मी मंग. यजमान हाय ना मी."

हात धुऊन आले तेव्हा ते माझ्या रिकाम्या जागेसमोर बसून, मान खाली घालून जेवत होते. नंतर त्यांनी किटली आणली. कप भरला, मी प्यायले. पुन्हा भरला, पुन्हा प्यायले. मंडपात गाणी सुरू झाली होती, मला आतून कोणी तरी हाक मारत होतं.

मी कप हलवला नाही.