गोठ्यातली पेटी

पोस्टमामाच्या गोठ्यात दोन बैल, एक म्हैस अन् अर्ध्या तालुक्याचे मेलेले लोक राहत. लोक पेटीत, लोखंडी. पुढं बैल गेले, म्हैस इकली, पेटी राह्यली.

तुमाले मालूम असन, मयतीची चिठ्ठी म्हंजे एक कोपरा फाडलेलं कार्ड. ते घरात न्यायचं नाई. अंगनातच वाचायचं, अन् वाचलं का फाडून उकिरड्यावर टाकायचं. मामा तेच कार्ड मांगून घे. "तुमाले नोको ना? मंग माह्यापाशी राहू द्या," म्हने अन् खाकी पिशवीच्या आतल्या खिशात टाके. मामीनं पयल्याच दिवशी सांगतलं होतं, हे मढे माह्या उंबऱ्याच्या आत येनार नाई. मामानं वाद घातला नाई. पेटी गोठ्यात गेली, गव्हानीच्या वरच्या फळीवर. पन्नासावर वर्सं तिथंच होती.

मामा आमच्या पाच गावाचा पोस्टमन. एरवी अर्ध्या कोसावरून सायकलची घंटी वाजवत ये. कोपरा फाटका असला का घंटी बंद, खाली उतरून सायकल ढकलत ये. बायका त्याच्यावरूनच वयखत अन् पदर तोंडाले लावत. मामा दारात आला का म्हने, "बस आधी." कितीबी घाई करा, उभ्या मानसाले मामा चिठ्ठी वाचून दाखवत नसे. मानूस बसला का पानी मांगे. सोताले नाई, त्याले. प्यायला लावे, मंग वाचे. अन् ज्याच्या नावाची चिठ्ठी त्याच्याच हातात दे. बायकोच्या नाई, लेकाच्या तं नाईच नाई.

मले वाटे हा सरकारी नियम असन. लय उशिरा समजलं का हा नियम माह्यामुळं झाला. गावात माह्यामुळं झालेली एवढी एकच गोष्ट हाये, अन् तिच्यावर माह्या नावाची पाटी नाई.

माहं शिक्षन सांगाचं तं मी चौथीत तीन वर्सं बसलो. तिसऱ्या वर्सी मास्तरच बदली करून घेऊन गेले. तवापासून वांगे अन् कोथिंबीर. मंगरूळच्या बाजारात बायका माह्यापाशी भाजी घ्यायले येत, पन भाव इचारायच्या आधी हसत. माहं तोंडच तसं हाये. मी खरं बोललो तरी लोकाइले वाटते हा आता काईतरी काढते.

मामानं नोकरी सोडली, पन लोकाइनं मामाले सोडलं नाई. कोनाचा वारस लागायचा राह्यला, कोनाले वंशावळ पायजे, का हापिसवाले म्हनत, आज्याच्या मयतीचा दाखला आना. दाखला काढाले रजिस्टर पाहा लागते, अन् रजिस्टर पाहाले साल लागते. साल कोनाले ध्यानात राहते? मंग मानूस मामाच्या गोठ्यात. मामा पेटी उघडे, चिठ्ठी काढे, तारीख सांगे, अन् म्हने आता जा, याच महिन्याचं पान उघडा म्हना.

चिठ्ठी नसली तरी मामा हात टेकत नसे. एकदा बौद्धवाड्यातला एक मानूस आला. नाशकाकडं नोकरीवर होता. त्याले आजीचा स्मृतिदिन विहारात करायचा होता, अन् घरात कोनाले दिवस मालूम नोता. मामानं त्याले बाजेवर बसवलं, पानी देलं अन् इचारलं, आजीले नेलं तवा तूर फुलावर होती का शेंगाले? तो म्हने, शेंगा तोडून खाल्ल्या होत्या, मार बसला होता. मंग बाजार भरला होता का? भरला होता, बाप बाजारातूनच आला. असं करत करत मामानं साल, महिना अन् वार काढला. चार दिवसानं त्या मानसाचा फोन आला. रजिस्टरात नाव सापडलं, मामाच्या वारापासून फकस्त एक दिवस इकडंतिकडं.

मी म्हनलं, "मामा, मेले ते मेले. येवढी मेहनत कायले करता?"

मामा म्हने, "मानूस मेला ते एकदा, सुदाम्या. तारीख हरपली का दुसऱ्यांदा मरते."

मी हसलो. मामा नाई हसला. माह्याकडं पाहून राह्यला. मले समजलं कायचं ते. मी उठून आलो.

आता ते सांगतो. मी तवा चौदा वर्साचा होतो. पोळ्याचा दुसरा दिवस, करीचा. घरात सगळे सुस्त पडले होते. मले मजाक सुचला. एक जुनं कार्ड सापडलं होतं, त्याचा मी कोपरा फाडला अन् उंबऱ्यासमोर टाकलं. मायनं पाह्यलं अन् तिनं हंबरडा फोडला. कोन गेलं हे कोनालेच मालूम नाई, वाचता कोनाले येत नाई, पन अख्खं घर रडाले लागलं. आमचा बाप तं जमिनीवर बसला. आमचा आजा मोठ्या बापाकडं, म्हंजे बापाच्या थोरल्या भावाकडं राहे, शिरपूरले, अन् लय थकला होता. बाप छाती पिटून म्हनत होता, "माहा बाप गेला, माहा बाप गेला." मले वाटलं आता हसतीन, मंग हसतीन. कोनीच हसून नाई राह्यलं, अन् मी सांगाची येळ घालवून बसलो. कोनीतरी मामाले धावत घेऊन आलं. मामानं उभ्या उभ्याच वाचलं. चिठ्ठी बैलजोडी इकायची होती, दोन वर्सं जुनी.

बापानं मले दोरखंडानं धुतलं. ते बरोबरच होतं.

चार दिवसानं मी वावरातून येत होतो. नाल्याले पूर. पलीकडून मामा आलता, सायकल तिकडंच ठेवून कमरेएवढ्या पान्यातून. अजून दोन गावं बाकी होते, अंधारून आलं होतं. मी म्हनलं, द्या मामा, घरीच चाललो. मामा थोडा थांबला. मंग म्हने, "फाटकी हाये बापू. सरळ बापाच्या हातात दे." अन् देली.

मी घरी गेलो. बाप दारातच होता. मी चिठ्ठी पुढं केली. बापानं फाटका कोपरा पाह्यला, मंग माह्याकडं पाह्यलं. मी म्हनलं, खरी हाये. भाऊ हसाले लागला. मायही हसली. बापानं चिठ्ठी हातातून घेतली अन् चुलीत टाकली. मी अजून एकदा म्हनलं, खरी हाये. तिसऱ्यांदा नाई म्हनलं. मार खायाची भीती होती, दुसरं काई नाई.

तेरवी झाल्यावर बाजारात शिरपूरच्या एका मानसानं बापाले इचारलं, काहून गा, बापाच्या मातीलेही नाई अन् तेरवीलेही नाई? बाप तिथूनच शिरपूरले गेला. मोठ्या बापानं दार लावून घेतलं. बाप परत आला, हातपाय धुतले, जेवला. मले काईच म्हनला नाई. त्या दिवशी मारलं असतं तं बरं झालं असतं.

त्या वर्सापासून आमच्या घरी आज्याचं पान सर्वपित्रीले वाढलं जाते. ज्याची तिथी मालूम नाई त्याचं पान अवसेले, असं असते ना, तसं. बापाले आपल्या बापाची तिथी मालूम नोती, अन् इचारायची कोन्त्या तोंडानं, कोनाले? मोठा बाप बोलत नोता, पुढं तोही गेला. त्याचे पोरं शहरात, त्याइले आपल्या लग्नाची तारीख ध्यानात नाई. असे पन्नासेक वर्सं गेले.

दोन वर्साखाली बाप बाजेले लागला. त्या सर्वपित्रीले मी पान वाढलं, कावळ्याले ठेवलं, अन् बापाले घास द्यायले बसलो. बाप म्हने, "माह्या बापाले दरसाल गर्दीत जेवा लागते." येवढंच बोलला. मी घास खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मामाच्या गोठ्यात गेलो. मामाही तवा ऐंशीच्या पुढं. मी काई मांगायच्या आधीच म्हने, "बस आधी." पानी देलं. मंग म्हने, "तुमची चिठ्ठी याच्यात नाई. तुमची गेली म्हनूनच ही पेटी ठेवली." मी म्हनलं, मामा, चूक माही होती. मामा म्हने, "हातात कोनं देली होती?"

मंग मामानं पेटीच्या तळातून एक कार्ड काढलं. म्हने, हे पयलं. तुमच्या चिठ्ठीच्या दुसऱ्या दिवशी आलतं, एका वाण्याच्या घरचं. त्याच्यावर पोस्टाचा शिक्का होता, साल अन् महिना चांगला दिसत होता. मामानं कार्ड सदऱ्याच्या खिशात घातलं अन् म्हने, चाल. मी म्हनलं मी एकटा जातो. म्हने, तू गेला तं त्याइले वाटन मजाक करते.

एसटीनं शिरपूरले गेलो. पंचायतीतल्या बाबूनं मामाचं कार्ड पाह्यलं अन् जुनं रजिस्टर काढलं. पानं पापडासारखे झाले होते. मामा बोट ठेवून खाली खाली आला अन् एका ओळीवर थांबला. आज्याचं नाव. वय अंदाजे सत्तर. कारन ताप. खबर देनार, थोरला मुलगा. पुढं मयतीची तारीख. मी ते नाव अक्षर लावून लावून वाचलं. मले वाटलं होतं काईतरी वाटन. काई वाटलं नाई. बाबूचा पंखा आवाज करत होता, ते ध्यानात हाये.

मामा बाबूले म्हने, तुमच्या मोबाईलात पाहा बरं, त्या साली पोळा कोन्त्या तारखेले होता. बाबूनं पाह्यलं. रजिस्टरातल्या तारखेच्या आदल्या दिवशी.

मामा बाहेर येऊन स्टँडवर बसला. मी चहा आनला, तो त्यानं घेतला नाई. म्हने, "करीच्या दिवशी मी तुमच्या घरी बैलाची चिठ्ठी वाचली होती."

मले समजाले बस मंगरूळच्या जवळ येईस्तोवर येळ लागला. सांगतलं ना, चौथीत तीन वर्सं.

घरी येऊन बापाजवळ बसलो. तारीख सांगतली, दिवस सांगतला, करीचा. बाप आढ्याकडं पाहून राह्यला. मले वाटलं ऐकलंच नाई. मंग म्हने, "म्हंजे त्याच दिवशी रडलो होतो मी."

मी म्हनलं, हो.

"बरं झालं," बाप म्हने, अन् कुशीवर वळला.

पुढच्या पितरपाटात पयल्याच तिथीले, करीचीही तीच तिथी, आज्याचं पान वाढलं. एकट्याचं. बाप बाजेवरून पाहत होता. दिवाळीच्या आधी तोही गेला. मामा मातीले आलता, काठी टेकत. जाताना माह्या खांद्यावर हात ठेवून म्हने, तारीख लिहून ठेव. मी लिहून ठेवली.

मामा यंदा गेला, वाशिमच्या दवाखान्यात. मोबाईलवर आलं, मामाचा फोटो, चारीकडून फुलं. त्याले फाडाले कोपराच नाई. तेवढ्यात मामाच्या लेकाचा फोन आला का, माय घरी एकटी हाये, आमी पोचेस्तोवर कोनी बाहेरच्यानं सांगाले नोको, तुमीच जाऊन सांगा. त्याले दुसरं कोनी सापडलं नसन.

मी गेलो. मामी अंगनात उभी होती. माहं तोंड पाहून तिले हसू आलं, सगळ्याइले येते तसं. मी म्हनलं, "मामी, बस आधी."

मामीचं हसू गेलं. ती उंबऱ्यावर बसली. मी आतून पानी आनलं. ती प्याली, सगळं प्याली, अन् गिलास बाजूले ठेवला. मंग मी सांगतलं. खरी हाये का म्हनून तिनं इचारलं नाई.

लय येळ ती गोठ्याकडं पाहत बसली होती. मंग म्हने, "ती पेटी घरात आन."

पेटी जड होती. मी ती फळीवरून काढली, वरचं भूस झटकलं अन् उंबरा ओलांडून आत नेली. कुठं ठेवू म्हनून इचारलं. मामी म्हने, त्याइच्या बाजेजवळ.