मेट्रनबाई आणि काळी बिअर

लेक बिअर बनवते हे सांगायला मेट्रनबाईंची जीभ रेटत नसे. कुणी विचारलंच तर "कारखान्यात असते" म्हणून त्या विषय बदलायच्या. त्या दिवशी मात्र हॉस्पिटलमधल्या तीन जुन्या मैत्रिणींना त्यांनी आपणहून लेकीच्या ब्रुअरीत जेवायला आणलं होतं.

भाजलेल्या कोंबडीबरोबर चव घ्यायला छोटे छोटे ग्लास आले. फिकट बिअर सगळ्यांना चालली. काळीचा घोट घेताच एकीने नाक मुरडलं.

"अगं, हे तर खोकल्याचं औषध."

"गीळ मुकाट्याने," मेट्रनबाई म्हणाल्या. सगळी नोकरी त्यांनी पेशंटना हेच सांगण्यात घालवली होती.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या माणसाने वेटरला विचारलं, "ही काळी फक्कड जमलीय. कुणी बनवली?"

वेटरने तोंड उघडायच्या आत मेट्रनबाई उठून उभ्या राहिल्या. "माझ्या लेकीने," त्या अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या की आत टाक्यांपाशी असलेली लेक हात पुसत बाहेर आली.

"आई, तुला कशी वाटली?"

मेट्रनबाईंनी मैत्रिणींचे उरलेले ग्लासही आपल्याकडे ओढले आणि एकेक करून रिकामे केले.

"झकास," त्या म्हणाल्या.

खोकल्याचं औषध त्याहून बरं लागतं, हे त्यांनी आजतागायत कुणाला कळू दिलेलं नाही.